अकरा रॅक आणि एक पॉलिसी

१९९६ साली टेक्सासमधल्या डॅलस शहरात व्यावसायिक पूलची (टेबलावरचे बॉल काठीने पॉकेटमध्ये टाकायचा खेळ) एक नवी स्पर्धा भरली. नेहमीच्या बक्षिसांशिवाय एक मोठं आमिष जाहीर झालं होतं: नाइन-बॉल या प्रकाराचे सलग दहा रॅक, म्हणजे डाव, समोरच्याला संधी न देता जो खेळाडू काढेल, त्याला दहा लाख डॉलर. नव्या दौऱ्यातली ही पहिलीच स्पर्धा. तिथेच अर्ल स्ट्रिकलंडने सलग दहा रॅक काढले आणि हात बसलेलाच होता म्हणून अकरावाही काढला.

टाळ्या लगेच वाजल्या. पैसे मात्र वाजेनात. बक्षिसामागे विमा होता, विमा कंपनीने रक्कम द्यायला हरकत घेतली, प्रकरण वकिलांकडे गेलं आणि शेवटी तडजोडीत मिटलं.

पूल खेळणाऱ्यांच्या बैठकीत ही गोष्ट निघाली की 'विमावाल्यांनी अर्लला टांग मारली' एवढ्यावर ती संपते. मला ती इतकी सरळ वाटत नाही. माझ्या मते घोळ पहिला रॅक लावायच्या आधीच झालेला होता. दहा लाखांचा शब्द देणाऱ्याच्या खिशात दहा लाख नव्हते. ज्याच्या खिशात होते, त्याने खेळाडूला कसलाच शब्द दिलेला नव्हता. अशा मांडणीत भांडण होणं हा अपवाद नसतो, तो जवळजवळ ठरलेला कार्यक्रम असतो.

सलग दहा म्हणजे काय

आपल्याकडच्या पूल पार्लरमध्ये बहुतेक जण एट-बॉल खेळतात: कोणाचे पट्ट्यांचे, कोणाचे भरीव, शेवटी काळा. तासावर टेबल घ्यायचं, 'व्हाइट गेला रे' म्हणून ओरडायचं, हरणाऱ्याने टेबलाचे पैसे भरायचे. नाइन-बॉलचा हिशोब वेगळा. एक ते नऊ असे नऊच बॉल, शंकरपाळ्याच्या आकारात लावलेले. टोकाला एक नंबर, मधोमध नऊ नंबर. दर फटक्याला टेबलावरच्या सगळ्यात लहान आकड्याच्या बॉलला पांढरा, म्हणजे काठीने मारायचा बॉल, आधी लागला पाहिजे. नऊ नंबर नियमात राहून पॉट झाला, म्हणजे पॉकेटमध्ये पडला, की रॅक तुमचा.

ऐकायला सोपं वाटतं. नऊ फूट लांब टेबल, सहा पॉकेट आणि क्रम बांधलेला. एक नंबर पॉट करणं ही अर्धी कामगिरी. पांढरा पुढे दोन नंबरच्या योग्य बाजूला येऊन थांबला पाहिजे. योग्य बाजू म्हणजे अशी, की दोन पॉट करताना पांढरा आपोआप तीनकडे जाईल. चांगला खेळाडू एका वेळी तीन बॉल पुढचा विचार करतो. मध्ये कुठे पांढरा वीतभर जास्त गेला की सगळी साखळी तुटते आणि समोरचा खुर्चीतून उठतो.

व्यावसायिक स्पर्धांत त्या काळी सर्रास चालणारी पद्धत म्हणजे जिंकेल त्याने पुढचा ब्रेक, म्हणजे रॅक फोडायचा पहिला फटका, मारायचा. त्यामुळेच सलग रॅकची मालिका शक्य होते: ब्रेकला किमान एक बॉल पडला, पांढरा वाचला, एक नंबर दिसतोय आणि मग नऊच्या नऊ साफ. पुन्हा ब्रेक. तोवर समोरचा खेळाडू हातात क्यू, म्हणजे खेळायची काठी, धरून पाणी पीत बसतो. दहा रॅक तो बसून राहिला, म्हणजे बरोबरीच्या दर्जाचा एक व्यावसायिक खेळाडू बराच काळ प्रेक्षक झाला.

यात कौशल्य किती आणि नशीब किती? ब्रेकचा फटका सोडला तर जवळजवळ सगळं कौशल्य. ब्रेकला मात्र नऊ बॉल कुठे सांडतील हे कोणीच पूर्ण सांगू शकत नाही. दोन बॉल चिकटून बसले, एक नंबर तीन नंबरच्या मागे लपला, पांढरा ठोकर खाऊन पॉकेटमध्ये गेला, की जगज्जेताही हतबल. म्हणून सलग दहा रॅक हे दहा वेळा चांगलं खेळणं आहेच, शिवाय दहा वेळा ब्रेकने दगा न देणंही आहे.

स्ट्रिकलंडकडे ही दोन्ही अंगं होती. १९६१ साली नॉर्थ कॅरोलायनात जन्मलेला हा माणूस तोवर दोनदा, १९९० आणि १९९१ साली, नाइन-बॉलचा जगज्जेता झाला होता. तिसऱ्यांदा तो २००२ साली झाला. यूएस ओपन त्याने एकूण पाच वेळा जिंकली. त्याचा ब्रेक जबरदस्त, खेळण्याचा वेग जास्त आणि तोंड त्याहून वेगवान. प्रेक्षकांशी, पंचांशी, प्रतिस्पर्ध्याशी हुज्जत घालणं हा त्याच्या लौकिकाचाच भाग. एकदा लय सापडली की असा खेळाडू सुटतो. मालिका होणार नाही अशी पैज लावायची असेल, तर ती याच्याविरुद्ध लावू नये.

दहावा घात

विमा कंपनीच्या बाजूने बघू. तिला एकच प्रश्न सोडवायचा असतो: ही गोष्ट घडायची शक्यता किती? गोल्फमधल्या होल-इन-वनसाठी (एकाच फटक्यात चेंडू भोकात) वर्षानुवर्षांचे आकडे आहेत, हौशी खेळाडूंची सरासरी आहे, अंतराची अट घालता येते. दहा रॅकच्या मालिकेचं तसं नाही. आकडे कमी, आणि जे आहेत ते फसवे.

साधं गणित मांडून बघा. समजा, एखादा खेळाडू स्वतःच्या ब्रेकवर दहापैकी तीन वेळा टेबल साफ करतो. मग सलग दहा वेळा साफ करण्याची शक्यता ०.३ चा दहावा घात, म्हणजे सुमारे १ लाख ६९ हजारांत एक. कोणीही म्हणेल, लावा दहा लाख, काय जातंय. आता तोच आकडा दहापैकी पाच धरा. शक्यता १,०२४ मध्ये एक. तीनाचे पाच झाले, एवढाच फरक. पण जोखीम १६५ पट झाली.

स्पर्धेत अशी मालिका सुरू व्हायच्या दोनशे संधी असतील असं कल्पून विम्याचा रास्त हप्ता काढू. पहिल्या अंदाजाने तो सुमारे १,२०० डॉलर निघतो, दुसऱ्या अंदाजाने सुमारे १ लाख ७७ हजार डॉलर. हे आकडे माझ्या उदाहरणातले आहेत, डॅलसच्या कागदावरचे नाहीत. पण एवढ्या तफावतीत अंदाज चुकला तर दोघांपैकी एकाचं भलतंच नुकसान होतं हे त्यातून कळतं.

याहून मोठी गोम पुढे आहे. सरासरी तीन आहे, म्हणून दररोज तीनच असते असं नाही. वर्षातले बरेच दिवस खेळाडू अडीच-तीनवर असतो आणि एखादा दिवस असा उगवतो की टेबलाचं कापड, बॉलचा संच, रॅक लावायची पद्धत, ब्रेकची जागा, सगळं त्याला जमून जातं आणि तो दहापैकी सहा साफ करू लागतो. समजा, असे दिवस वीसात एकच. त्या एका दिवसाचा हिस्सा धरूनच एकूण शक्यता ३,३०० मध्ये एकच्या आसपास येते. १ लाख ६९ हजार कुठे आणि ३,३०० कुठे. दहावा घात सरासरीवर चढवायचा नसतो. तो चांगल्या दिवसांवर चढतो आणि तेच दिवस उत्तर ठरवतात. त्यातून पूलमध्ये एक रॅक दुसऱ्यापासून पुरता सुटाही नसतो. ब्रेकला एक नंबर एका ठरावीक पॉकेटकडे जातोय हे सापडलं, की पुढच्या ब्रेकला खेळाडू तीच जागा, तोच वेग धरतो. नाणेफेकीत असं होत नाही; आधीचा छापा पुढच्या छाप्याला काही शिकवत नाही.

शिवाय स्पर्धेत एकटा खेळाडू नसतो. जगातले सगळ्यात चांगले खेळाडू एका हॉलमध्ये गोळा करून, त्यांना लांबलचक सामने देऊन, प्रत्येकाला परत परत संधी देऊन मग 'हे घडणार नाही' असं धरून चालणं हे विम्याच्या धंद्यात धाडसच म्हणायचं. हौशी माणसाला अर्ध्या मैदानावरून बास्केटबॉलचा एक चेंडू टाकायला लावणं वेगळं. इथे तर ज्यांचा पेशाच तो, त्यांच्यासमोर दहा लाख टांगले होते.

शब्द कोणाचा

हा नवा दौरा प्रोफेशनल क्यूस्पोर्ट्स असोसिएशनचा. तिच्यामागे होता सी. जे. वायली, स्वतः अव्वल दर्जाचा खेळाडू. खेळाडूंनीच पुढाकार घेऊन काढलेल्या संघटनेकडे दहा लाख डॉलर पडून असणं शक्य नव्हतं. विमा काढावा लागला यातच ते आलं. पूलमधल्या बक्षिसांचा तेव्हाचा अंदाज घ्यायचा तर मोठ्या स्पर्धेच्या विजेत्यालाही काही हजार ते काही दहा-हजार डॉलर मिळायचे. दहा लाख हा आकडा त्या जगातलाच नव्हता. तो टीव्हीसाठी, वर्तमानपत्रातल्या मथळ्यासाठी, प्रायोजकाच्या कानासाठी होता. यात वाईट काही नाही. नवं दुकान उघडलं की दाराशी तोरण लागतंच.

अशा बक्षिसांच्या विम्याची रचना ठरलेली आहे. आयोजक कंपनीला हप्ता देतो. रक्कम बक्षिसाच्या मानाने लहान. पराक्रम घडला नाही तर हप्ता कंपनीचा. घडला तर कंपनी बक्षिसाची रक्कम भरून देते. करार या दोघांत. खेळाडूची त्यावर सही नसते आणि बहुतेक वेळा त्याने तो कागद पाहिलेलाही नसतो. त्याने पाहिलेली असते जाहिरात.

इथे कायद्याचं जुनं तत्त्व कामाला येतं. कायद्याचा अभ्यास केलेल्या प्रत्येकाने पहिल्याच वर्षी कार्लिल विरुद्ध कार्बोलिक स्मोक बॉल कंपनी हा इंग्लंडमधला खटला वाचलेला असतो. आमचं औषध सांगितल्याप्रमाणे वापरूनही इन्फ्लुएंझा झाला तर शंभर पौंड देऊ, अशी जाहिरात. कार्लिलबाईंनी ते तसं वापरलं, तरी त्यांना आजार झाला. कंपनी म्हणाली, ती नुसती जाहिरात होती. न्यायालयाने पैसे द्यायला लावले. सगळ्या जगाला उद्देशून अट घातली आणि कोणी ती पुरी केली की करार झाला, वेगळी सही लागत नाही. आपल्या १८७२ च्या करार कायद्याचं आठवं कलमही हेच सांगतं: अट पुरी करणं म्हणजेच स्वीकार. त्या खटल्यातला एक तपशील मला इथे फार बोलका वाटतो. आपला शब्द खरा आहे हे पटवायला कंपनीने जाहिरातीतच म्हटलं होतं की आम्ही एक हजार पौंड बँकेत ठेवले आहेत. डॅलसमध्ये बँकेतल्या पैशांच्या जागी पॉलिसी होती. बँकेतला पैसा निमूट पडून असतो. पॉलिसीला स्वतःचे वकील असतात.

म्हणजे तत्त्वाने बघितलं तर उत्तर सोपं आहे. दहावा रॅक पडला त्या क्षणी आयोजक खेळाडूला दहा लाख देणं लागतो. विमा कंपनी आयोजकाला देणं लागते की नाही, हा त्या दोघांचा मामला. एकाने न दिल्याने दुसऱ्याचं देणं संपत नाही. शेजाऱ्याने उसने परत केले नाहीत म्हणून मी वाण्याची उधारी बुडवू शकत नाही, इतकं हे साधं आहे.

यात आणखी एक मजेशीर पेच आहे. नुसत्या घटनेवर दोघांनी पैसे लावले तर ती पैज. आपल्या कायद्यात तिसाव्या कलमाने असा करार रद्दबातल ठरतो. घोड्यांच्या शर्यतीतल्या पाचशे रुपये वा त्याहून मोठ्या बक्षिसाला त्यात खास सूट आहे, ती ब्रिटिश साहेबांच्या आवडीखातर असावी. विमा पैज का ठरत नाही? कारण विमा घेणाऱ्याचं काही खरोखर जाणार असतं. अर्लने दहा रॅक काढले तर आयोजकाला दहा लाख भरावे लागणार, म्हणून त्या विम्याला अर्थ आहे. मग विमावाल्याने हात वर केल्यावर आयोजक 'माझ्याकडे काही मागू नका' म्हणाला, तर तो स्वतःच्या पॉलिसीखालची जमीनच खणतो. देणं लागतच नसेल तर विमा कशाचा काढला होता?

एवढं सगळं खेळाडूच्या बाजूचं. पण तत्त्वाने पोट भरत नाही. आयोजकावर दावा लावला, जिंकला, आणि वसुलीला गेल्यावर संघटनेच्या कपाटात क्यूचे जुने डबे निघाले, तर काय करायचं? पैसा एकाच ठिकाणी आहे आणि तिथे जायचा रस्ता पॉलिसीतून जातो. म्हणून अशा प्रकरणात खेळाडू आणि आयोजक, जे कायद्याच्या नजरेत एकमेकांसमोर असायला हवेत, ते बऱ्याचदा एका बाजूला बसतात आणि समोर विमा कंपनी.

विमावाल्याच्या हरकती कुठून निघतात? या धंद्यात त्या ठरलेल्या वाटांनी येतात. हप्ता वेळेत पोचला का. पराक्रम घडला त्या घडीला संरक्षण चालू होतं का. ठरलेल्या अटींत खेळ झाला का: टेबलाचा आकार, रॅक कोणी लावला, पंच कोण होता, अखंड चित्रीकरण आहे का. खेळणारा माणूस पात्र होता का. आणि शेवटी व्याख्या. 'सलग दहा रॅक' हे तीन शब्द पूल खेळणाऱ्याला लख्ख कळतात. वकिलाला त्यात दहा खिडक्या दिसतात. ब्रेकलाच नऊ नंबर पडला तर तो रॅक 'काढला' म्हणायचा का? मधे एखाद्या रॅकला पुश-आउट (ब्रेकनंतर लगेच पांढरा हवा तिथे ढकलायची मुभा) खेळून समोरच्याला संधी दिली आणि त्याने ती नाकारली, तर सलगपणा मोडला का? समोरच्याचा ब्रेक फसल्यावर साफ केलेलं टेबल मोजायचं, की स्वतःच्या ब्रेकपासूनच मोजायला सुरुवात? एका सामन्याच्या शेवटचे चार आणि दुसऱ्याच्या सुरुवातीचे सहा चालतील का? यातला एकही प्रश्न चावटपणाचा नाही. प्रत्येकाने शक्यता बदलते, म्हणजे हप्ता बदलतो.

स्ट्रिकलंडचा अकरावा रॅक मला म्हणूनच आवडतो. त्याने तो हिशोबाने काढला नसणार. तो खेळत होता आणि टेबल देत होतं म्हणून काढला. पण कागदाच्या नजरेने तो एक राखीव रॅक आहे. एखाद्या टोकाच्या रॅकवर कोणी बोट ठेवलं तरी दहा उरतात.

शिकागोतला चेंडू

तुलनेसाठी तीन वर्षं मागे जाऊ. १४ एप्रिल १९९३, शिकागो स्टेडियम, बुल्स या बास्केटबॉल संघाचा सामना चालू. सामन्यातल्या छोट्या विश्रांतीत करायच्या खेळासाठी प्रेक्षकांतून डॉन कॅलहूनला बोलावलं. वय तेवीस, ऑफिसच्या सामानाच्या दुकानात नोकरी. मैदानाच्या एका टोकाच्या फ्री थ्रो रेषेवरून पलीकडच्या टोपलीत चेंडू टाकायचा. त्याने बेसबॉलसारखा भिरकावला आणि तो आत गेला. बक्षीस दहा लाख डॉलर. मायकल जॉर्डनसकट सगळा संघ त्याच्याभोवती जमला.

दोन-तीन दिवसांत विमा कंपनीने कळवलं की पैसे मिळणार नाहीत. अट होती की भाग घेणारा अलीकडच्या काळात महाविद्यालयीन पातळीवर बास्केटबॉल खेळलेला नसावा. कॅलहून काही सामने खेळलेला होता. कागदावर कंपनीचं बरोबर होतं. अट साधी होती, तो त्यात बसत नव्हता, आणि ती तपासण्याचं काम चेंडू हातात देण्याआधी कोणीतरी करायला हवं होतं.

इथे दोन्ही प्रकरणांची वाट फुटते. कॅलहूनच्या मागे बुल्स होते, कोका-कोला होती, एक मोठी उपाहारगृह साखळी होती. सगळ्या देशाने टीव्हीवर तो चेंडू पाहिला होता. पैसे बुडवल्याची नामुष्की दहा लाखांहून महाग पडली असती, म्हणून त्यांनी विम्याशिवाय रक्कम द्यायचं कबूल केलं. दरवर्षी ५०,००० डॉलर, वीस वर्षं. दहा लाख म्हणतात ते असे असतात, हेही जाता जाता नोंदवून ठेवावं: सहा टक्के व्याज धरलं तर वीस वर्षांच्या त्या हप्त्यांची पहिल्या दिवशीची किंमत साधारण ५ लाख ७३ हजार डॉलर होते. तरीही मिळाले. स्ट्रिकलंडच्या मागे यातलं कोणी नव्हतं. पूलला तेवढा प्रेक्षक नव्हता, आयोजकाकडे तेवढा पैसा नव्हता. कॅलहूनची बाजू कायद्यात दुबळी होती, त्याला पैसे मिळाले. स्ट्रिकलंडने खेळाडूच्या बाजूने करायचं ते सगळं, वर एक रॅक जास्तीचा, केलं, आणि त्याच्या वाट्याला वाटाघाटी आल्या. लाजेची किंमत जिथे जास्त, तिथे करार लवकर पाळला जातो. याला न्याय म्हणवत नाही.

विमा कंपनीला खलनायक करून मोकळं व्हायची घाईही नको. सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगच्या प्रकरणात एससीए प्रमोशन्स या कंपनीने २००४ च्या टूर दी फ्रान्स विजयाचा पन्नास लाख डॉलरचा बोनस उत्तेजकांच्या संशयावरून रोखला. २००६ साली कंपनीला व्याज आणि खर्चासह पंचाहत्तर लाख भरावे लागले, आणि तेव्हा ती कद्रू, संशयी कंपनी ठरली. पुढे आर्मस्ट्राँगने सगळं कबूल केलं, आणि २०१५ साली लवादाने त्यालाच एक कोटी डॉलर कंपनीला द्यायला सांगितलं. हरकत घेणाऱ्याचा हेतू कंजूषपणाचा असू शकतो आणि हरकत तरीही खरी असू शकते.

तडजोड नावाचा पॉकेट

मग दहा रॅक काढलेला माणूस तडजोडीला का तयार होतो? त्याच्या जागी बसून बघा. पूल खेळाडूला पगार नसतो. स्पर्धेला जायचं तिकीट, हॉटेल, प्रवेश फी, सगळं स्वतःचं. खटला चालवायचा तर वर्षं जातात. अमेरिकेत वकील बऱ्याचदा जिंकलेल्या रकमेचा हिस्सा घेतात, एक तृतीयांश हा नेहमीचा आकडा. वर बक्षिसावर आयकर. दहा लाख पूर्ण जिंकले तरी हातात त्याच्या निम्म्याच्या आसपास येणार आणि हरले तर शून्य. दुसऱ्या बाजूला कंपनीला घाई नसते. तिचे वकील पगारावर असतात आणि न दिलेला पैसा तिच्याकडे व्याज कमावत असतो. या तराजूत दहा लाखांचा हक्काचा कागदही चार लाखांच्या चेकपुढे वाकतो. तडजोड झाली याचा अर्थ दावा कच्चा होता असा काढू नये, आणि कंपनीने चूक मान्य केली असाही काढू नये. दोघांनी आपापल्या थकव्याची किंमत ठरवली, एवढंच.

आयोजकाने काय वेगळं करायला हवं होतं, याचं उत्तर मी फार मोठं देणार नाही. हप्ता भरल्याची पावती हातात आल्याशिवाय पहिला रॅक लावायचा नाही. 'सलग दहा रॅक' या शब्दांची व्याख्या पंचांच्या नियमपत्रिकेत आणि पॉलिसीत अक्षरशः एकच ठेवायची. प्रत्येक टेबलावर अखंड चित्रीकरण. आणि बक्षीस विम्यावर अवलंबून असेल, हप्त्याहप्त्याने मिळणार असेल, तर ते जाहिरातीतच त्याच आकाराच्या अक्षरांत लिहायचं. शेवटचं कोणी करत नाही, कारण 'दहा लाख डॉलर, विमा कंपनीने मान्य केल्यास, वीस वर्षांत' या ओळीला मथळा मिळत नाही.

स्नूकरवाल्यांनी या प्रश्नाला वेगळ्या वाटा काढल्या. तिथे ब्रेक म्हणजे एका खेपेची सलग खेळी; १४७ चा पूर्ण ब्रेक हा तिथला दुर्मीळ पराक्रम. १९८२ साली स्टीव्ह डेव्हिसला त्यासाठी लाडा कार मिळाली. १९९७ साली क्रूसिबल या जागतिक स्पर्धेच्या सभागृहात रॉनी ओ'सुलिव्हनने सव्वापाच मिनिटांच्या आत-बाहेर १४७ केला आणि नुसत्या त्या ब्रेकचे १,४७,००० पौंड घेतले. पुढे खेळाडू इतके तयार झाले आणि १४७ इतके पडू लागले की अशी बक्षिसं परवडेनात. २०१० साली ग्लासगोत ओ'सुलिव्हनने ब्रेकच्या मध्येच पंचाला विचारलं, १४७ ला किती आहे? काहीच नाही म्हटल्यावर तो शेवटचा काळा न मारताच निघाला होता, पंचाने समजावल्यावर मारला. २०१६ साली वेल्श ओपनमध्ये बक्षीस होतं, दहा हजार पौंड. त्याला ते फारच कमी वाटलं, आणि त्याने मुद्दाम काळ्याऐवजी गुलाबी मारून १४६ वर ब्रेक संपवला. लोक चिडले. मला तो प्रामाणिक व्यवहार वाटला: भाव आधी विचारला, पटला नाही, माल दिला नाही. स्ट्रिकलंडने भाव ऐकून माल आधी दिला होता.

त्याच १९९६ साली स्ट्रिकलंड हाँगकाँगमध्ये फिलिपिन्सच्या एफ्रेन रेयेसशी खेळला. आधी १२० रॅक जिंकेल तो विजेता, तीन दिवस, बक्षीस एक लाख डॉलर, सगळं विजेत्याचं. दुर्मीळ पराक्रमाची अट नाही, दहाव्या घाताचं गणित नाही. स्ट्रिकलंड एका टप्प्यावर सतरा रॅकने पुढे होता. रेयेसने ते अंतर एकेक करत खाल्लं आणि सामना १२०–११७ असा घेतला. पैसे कोणाचे, यावर वकिलाची गरज पडली नाही. डॅलसमध्ये अकरा रॅक सलग काढलेल्या माणसाला हाँगकाँगमध्ये तीन कमी पडले.